४०० जणांचं रक्त, २६ लाखांचा जिल्हा

ऑगस्ट २०२० मध्ये अंबाजोगाईतले व्यापारी रांगेत उभे राहिले ते कोरोनाच्या तपासणीसाठी नाकातून स्वॅब द्यायला. बहुतेकांना ना ताप, ना खोकला. तरी प्रशासनानं त्यांनाच गाठलं, कारण गल्ल्यावर बसणाऱ्याशी दिवसभरात निम्म्या गावाची गाठ पडते. अँटिजेन किटवर नमुन्याचे थेंब पडले, की अर्ध्या तासाच्या आत निकाल. विषाणूचं प्रथिन असलं तर दुसरी रेघ उमटते, अगदी धडधाकट माणसाच्या पट्टीवरसुद्धा!

मात्र त्या रेघेला विषाणू भरपूर लागतात. थोडे असतील तर आरटीपीसीआर. अंबाजोगाईतल्याच ‘स्वाराती’ (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती सोय त्याच वर्षी झाली. विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनवायचा आणि त्याचा एक तुकडा दर फेरीला दुप्पट करत जायचा. एकाचे दोन, दोनाचे चार. २० फेऱ्यांत १० लाखांवर, आणि हिशेबानं ४० फेऱ्यांत एक लाख कोटींच्या पुढे! तुकडे वाढतात तशी नळीतली चकाकी वाढते. ती जितक्या लवकर दिसेल, तितके विषाणू मुळात जास्त.

मला सर्वांत थक्क करते ती रक्ताची चाचणी. विषाणू निघून गेला तरी शरीरानं त्याच्याविरुद्ध घडवलेली प्रतिपिंडं मागे उरतात. ती शोधायला मे २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) देशातले ७० जिल्हे निवडले, त्यांत अंबाजोगाईचा बीड जिल्हा होता. जिल्ह्यात १० गावं-वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी ४० घरं, घरटी एक प्रौढ. सुमारे २६ लाखांतून फक्त ४०० जण! पण कोणाचं नाव यावं हे कोणाच्या मर्जीवर नव्हतं, आणि म्हणूनच एवढ्याशा रक्ताला बाकीच्यांबद्दल बोलता आलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं (एनआयव्ही) घडवलेल्या ‘कवच’ किटवर ते तपासलं गेलं. देशभरात प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण निघालं जेमतेम ०.७३ टक्के. तरी हिशेब मांडल्यावर दिसलं, की नोंदलेल्या एकेका रुग्णामागे ८२ ते १३० जणांना संसर्ग होऊन गेला होता.

त्याच जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा रक्त घेतलं गेलं. ऑगस्ट-सप्टेंबरात प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास, नव्या वर्षाच्या तोंडावर २० च्या वर, जून-जुलै २०२१ मध्ये थेट ६७. तोवर लस आली होती हे खरं, पण लस न घेतलेल्यांतही ते ६२ टक्के होतं.