शिंकांचा ऋतू आणि औषधाची निवड

पावसाळा ओसरू लागला की पुण्यातील मोकळ्या जागा, नदीकाठ आणि रस्त्यांच्या कडा बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात. हेच ते गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, तर कोणी चटकचांदणी. भारतात या तणाचा प्रादुर्भाव प्रथम ठळकपणे लक्षात आला तो १९५५-५६ च्या सुमारास, पुण्यातच. त्याच्या परागकणांमुळे अनेकांना लागोपाठ शिंका येतात, नाक वाहते, डोळ्यांना खाज सुटते. मग आपण औषधांच्या दुकानात जाऊन ‘सर्दीची एखादी गोळी द्या’ असे सांगतो. त्या गोळीत काय आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. ते विचारावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम आपला त्रास ओळखावा. ताप, अंगदुखी व घसादुखी असेल तर बहुधा ती साधी सर्दी होय. ताप नसताना नाकाडोळ्यांना खाज, पाण्यासारखा स्राव आणि ठरावीक ऋतूत पुन्हा पुन्हा होणारा त्रास ही ॲलर्जीची लक्षणे होत. तिच्यावर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग होत नाही.

ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांपैकी क्लोरफेनिरामिन स्वस्त व परिचित आहे. परंतु तिने गुंगी येते. दुचाकीवरून कामावर जाणाऱ्याने ती घेणे धोक्याचे. काचबिंदू किंवा लघवी अडखळण्याचा विकार असलेल्या ज्येष्ठांनीही ती टाळावी. सेटिरिझीनने गुंगी कमी येते, पण काहींना येतेच. म्हणून ती रात्री घेणे बरे. लोराटाडीन व फेक्सोफेनाडीन यांनी सहसा झोप येत नाही. फेक्सोफेनाडीन पाण्यासोबतच घ्यावी. फळांच्या रसाने तिचा परिणाम घटतो.

नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तत्काळ आराम देतात, मात्र काही दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. अनेक मिश्र गोळ्यांत फेनिलेफ्रीन असते. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. शिवाय, पोटात घेतलेली फेनिलेफ्रीन नाक मोकळे करण्यास परिणामकारक नाही, असा निष्कर्ष अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. घरातील मोठ्यांचे औषध अर्धे करून लेकरांना पाजण्याची सवय म्हणूनच सोडावयास हवी.

त्रास रोजचाच असेल तर नाकात मारावयाचे स्टेरॉइडचे फवारे अधिक गुणकारी ठरतात. पण त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. वेष्टनावर लाल उभी रेघ असल्यास ते औषध चिठ्ठीवरच घ्यावयाचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

आम्ही वैद्य नव्हे. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारा : यात कोणकोणती द्रव्ये आहेत? याने झोप येईल काय? मी घेत असलेल्या इतर औषधांसोबत हे चालेल काय? गर्भवती व स्तनदा मातांनी आधी डॉक्टरांना भेटावे. आणि धाप लागली, छातीतून सूं-सूं आवाज येऊ लागला, तर दुकानाची नव्हे, दवाखान्याची वाट धरावी.