मच्छरदाणीची जाळी शस्त्रक्रियागृहांत कशी पोंचली?

कापसाचीं गाठोडीं व धान्याचीं पोतीं उचलणाऱ्या आपल्या नेर परिसरांतील कष्टकऱ्यांस अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, विकार अपरिचित नाहीं. पोटाची भिंत एखादे ठिकाणीं दुबळी होऊन आंतडें बाहेर डोकावूं लागतें. तें तेथेंच अडकून पडलें तर प्राणावर बेततें. यास औषध नाहीं. शस्त्रक्रिया हाच उपाय होय.

पूर्वीं ही जागा टांक्यांनीं ओढून शिवीत. परंतु ताण पडून ती पुन्हां उसवण्याचें भय असे. १९५८ च्या सुमारास अमेरिकेंत डॉ. अशर यांनीं पॉलिएथिलीनची विणलेली जाळी ठिगळासारखी लावण्याचा मार्ग काढला. शरीराचे तंतु जाळीच्या छिद्रांतून वाढतात व भिंत बळकट होते. मात्र कंपनीची जाळी महाग. मोलमजुरी करणाऱ्यास ती कशी परवडावी?

धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचें येथील शस्त्रवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं यावर मच्छरदाणीच्या कापडाची योजना केली. कारण तेंहि त्याच जातीच्या प्लास्टिकचें असतें. परंतु कल्पना सुचणें ही केवळ पहिली पायरी होय. कीटकनाशक लावलेलें कापड शरीरांत वर्ज्यच. शिवाय तें निर्जंतुक करावयाचें, तें १२१ अंश उष्णतेच्या वाफेंत. उष्णता फार वाढल्यास कापड बिघडतें. डॉ. टोणगांवकर यांनीं निरनिराळ्या ठिकाणच्या सहकाऱ्यांसह रुग्णांवर याची चाचणी घेऊन २००३ सालीं अहवाल प्रसिद्ध केला.

तरीहि एक प्रश्न उरला: ही जाळी महाग जाळीच्या तोडीची आहे काय? युगांडा देशांत ३०२ पुरुषांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें, दोन गट पाडून तुलना करण्यांत आली. तिचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षभरांत स्वस्त जाळीच्या गटांत एकाचा विकार उलटला, दुसऱ्या गटांत कोणाचाहि नाहीं. इतर उपद्रव दोहोंकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे किंमतींत मोठें अंतर असूनहि गुणांत लक्षणीय अंतर आढळलें नाहीं.

आपल्या देशांत २०१८ पासून वैद्यकीय उपकरणांस स्वतंत्र नियम लागू आहेत. गरिबासाठीं केलेली वस्तु स्वस्त असावी, पण तिची परीक्षा मात्र स्वस्त नसावी, हेंच यांतील मर्म होय.

पालकहो, घरांत कोणास असा फुगवटा आढळल्यास संकोचानें झांकून ठेवूं नका. वेळींच डॉक्टरांस दाखवा. तो अडकून दुखूं लागला व वांती सुरू झाली, तर क्षणाचाहि विलंब नको.