‘ढ’ ठरवलेली मुले

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यातल्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथे आमच्याच वस्तीतला एक मुलगा माझ्याशेजारी मागच्या बाकावर बसे. शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात कळ येई. रविवारी मात्र काही होत नसे. गुरुजी म्हणत, “यांच्या रक्तातच अभ्यास नाही.” घरचे म्हणत, “बाहेरचं आहे.” देवऋष्याचा अंगारा झाला, उतारा झाला. आठवीत त्याने शाळा सोडली. त्याला चिंतेचा विकार असावा, हे मी स्वतः शिकवू लागल्यावर मला उमगले.

मुलांचे मानसिक विकार असे वेश पालटून येतात. ‘मी उदास आहे’ असे मूल सहसा सांगत नाही. चिंता पोटदुखी होऊन येते. नैराश्य चिडचिड होऊन येते. झोप मोडते, खेळ सुटतो, मित्र तुटतात. अतिचंचल मुलाचे लक्ष टिकत नाही, तर त्याला उनाड म्हणतात. अशी लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली आणि अभ्यास, घर, खेळ बिघडू लागले, तर मदत घ्यायला हवी.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या सुमारे ७ टक्के मुलांत असे विकार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चौघे. विकाराला जात नसते. पण तो ओळखला जाणे पुष्कळदा जातीवर ठरते. सुखवस्तू घरातल्या मुलाचे लक्ष लागेना तर डॉक्टर गाठतात. आमच्या मुलाचे लागेना तर त्याची जात आठवते. अपमानानेही मन आजारी पडते. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे. गोणपाट गेले, टोमणा राहिला. ऊसतोड मजुराच्या मुलाला तर कायमचा मागचा बाकही मिळत नाही.

यावर उपचार आहेत. सौम्य विकारात समुपदेशनाने आणि घरच्यांच्या, शिक्षकांच्या बदललेल्या वागण्याने पुष्कळ फरक पडतो. प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. ‘येरवड्याला टाकतील’ ही भीती बाळगू नये. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो. मूल मरणाची भाषा बोलले तर त्याला सरळ विचारावे, एकटे सोडू नये, त्याच दिवशी मदत मिळवावी. विचारल्याने तो विचार बळावत नाही.

शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांनो, हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारण्यापूर्वी एकदा त्या घरी जाऊन या. माझ्याशेजारच्या त्या मुलाच्या घरी कोणी गेले नाही. मीही गेलो नाही.