गीझरचा धूर आणि ‘अकस्मात मृत्यू’ची फाईल

गॅस गीझर चालू असताना न्हाणीघरात माणूस मेला की पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. पंचनामा होतो, नातेवाईकांचे जबाब होतात, अहवाल उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि फाईल बंद होते. गीझर कुणी बसवला? धूर बाहेर जायला वाट ठेवली होती काय? हे प्रश्न कोणी विचारत नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या घाटकोपर भागात रंग खेळून घरी आलेले पती-पत्नी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले. गीझरच्या वायूने ते गुदमरले असावेत, असा पोलिसांचा संशय होता. महानगरातली घटना म्हणून ती वर्तमानपत्रांत गाजली. खेड्यापाड्यातल्या मरणाला चार ओळीही मिळत नाहीत.

गॅस गीझर आपल्या भागात आला तो भारनियमनाच्या काळात. २००५ नंतरची काही वर्षे मराठवाड्यात विजेचा भरवसा नव्हता. दोन सेलवर पेटणारे, विजेच्या गीझरपेक्षा स्वस्त असे हे यंत्र हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या घरांत शिरले. पहाटे उठून चुलीवर पाणी तापवणाऱ्या बाईची त्यातून सुटका झाली, हे नाकारता येणार नाही. म्हणून गीझर फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. तांब्याचा बंब परसात असायचा, तेच बरे होते, असे काहीजण सांगतात. आमच्या वस्तीत बंब होता कुणाकडे? तीन दगडांची चूल होती. पण ती अंगणात होती आणि तिचा धूर डोळ्यांना दिसत होता.

गीझरचा धूर दिसत नाही, खरा घात तिथेच आहे. गॅस गळाला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. परंतु हवा कमी पडून गॅस अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते. आतून कडी लावलेली असते आणि ती काढण्याइतकीही ताकद उरत नाही. बाहेरचे म्हणतात, चक्कर आली असेल, फिट आली असेल.

हिशेब करून पाहा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर शेगडीच्या एका बर्नरच्या पाच-सहा पट गॅस जाळतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात जेवढी हवा मावते तेवढी सगळी त्याला जळायला साधारण अर्ध्या तासात लागते. विषारी वायू तर त्याच्या कितीतरी आधी तयार होऊ लागतो. घरात चारजण ओळीने आंघोळ करतात, तेव्हा शेवटच्याच्या वाट्याला काय येते?

ब्रिटनमध्ये घरे गरम ठेवण्यासाठी गॅसचे बॉयलर असतात. तिथल्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात गॅसचे उपकरण बसवायचे असेल तर ते बंद पेटीचेच असावे लागते. म्हणजे ज्वलनाची हवा बाहेरून घेणारे आणि धूरही बाहेरच सोडणारे. बसवणारा नोंदणीकृत असावा लागतो. भाड्याच्या घरातल्या उपकरणांची दर बारा महिन्यांनी तपासणी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे छोट्या गॅस गीझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. पण मानक यंत्राचे असते. ते भिंतीला ठोकणारा कारागीर कोण, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. दुकानदार एखादा पोरगा पाठवतो, तो दोन खिळे मारून, नळी जोडून निघून जातो.

आपल्या वस्त्यांत अडचण आणखी मोठी आहे. शासनाचे ग्रामीण घरकुल २६९ चौरस फुटांचे. भिंतीला भिंत लागलेली, न्हाणीघराची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडणारी. मग थंडीत तिच्यात फडके कोंबले जाते. धुराची नळी बसवलीच तरी तिचे तोंड बोळात, शेजाऱ्याच्या खिडकीखाली! घरकुलाचा नकाशा मंजूर करणाऱ्यांनी आणि ग्रामसभेत बसणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी याकडे पाहायला हवे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत लावणे आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घेणे. सिलिंडरही बाहेरच. ते जमतच नसेल तर धुराची नळी थेट बाहेर काढावी आणि भिंतीत खाली एक, वर एक अशा बुजवता न येणाऱ्या जाळ्या ठेवाव्यात. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नये. हवा आत यायला वाट नसेल तर तो पंखा नळीतला धूर उलटा आत ओढतो. आंघोळीआधी बादली भरून घेऊन गीझर बंद करण्याला तर पैसाही लागत नाही. ज्योत पिवळी दिसू लागली तर त्या दिवसापासून वापर थांबवावा.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ ते ८६ मध्ये उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता यांची जबाबदारी सांगितली आहे. पुरेशी सूचना वा इशारा न देणे हाही त्यात दोष ठरतो. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावी, त्यासाठी वकील लागतोच असे नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा होऊ शकतो. मात्र पुरावा पहिल्या दिवशीच जातो. नातेवाईक दुःखात असतात, कोणीतरी गीझर काढून ठेवतो, खिडकी उघडतो. म्हणून कार्यकर्त्याने दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पोलिसांकडे: गीझर, नळी, खिडकी आणि जाळी यांची मापांसह पंचनाम्यात नोंद. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे: रक्तातल्या कार्बोक्सीहिमोग्लोबिनची तपासणी. दोन्ही अर्जांची पोच शिक्क्यासह घ्यावी, आणि बिल व वॉरंटी कार्ड घरातल्या कपाटातून त्याच दिवशी काढून ठेवावे.