खेळांचे संगीत आणि दिवेलागणीची वेळ

सुट्टीत पुण्या-हैदराबादहून नातवंडे बिलोलीला आली, की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते : "डॉक्टर, पोराच्या त्या मोबाइलच्या आवाजानं जीव घाबरा होतो." घरच्यांना हा म्हातारपणाचा हेका वाटतो. मला तसे वाटत नाही.

'खेळाचा आवाज' म्हणून आपण ज्याची एकच मोट बांधतो, त्यात फार वेगवेगळ्या भावांचे संगीत असते. १९७८ सालच्या 'स्पेस इनव्हेडर्स' या जपानी खेळात खर्जातले अवघे चार स्वर फिरून फिरून वाजत. शत्रू जवळ येई, तसतशी त्यांची लय वाढे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'साठी कोजी कोंडो यांनी बांधलेली चाल बागडणाऱ्या पोरासारखी प्रसन्न आहे. पण वेळ संपत आली की तीच चाल घाईने वाजू लागते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी : ॲन एन्शियंट एपिक'चा बाज निराळा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे, परंतु त्याला रंग भारतीय. ज्यांनी विलंबित ख्यालानंतरची द्रुत बंदिश ऐकली आहे, त्यांना अशा खेळांतील वाटचालीचे संगीत आणि लढाईचे संगीत यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

शरीरालाही तो कळतो. इटलीतील पाविया येथील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रागसंगीतासह सहा प्रकारचे संगीत ऐकवून श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजले. संगीताच्या प्रकारापेक्षा लयीचा परिणाम अधिक दिसला. मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत तर शरीर सर्वाधिक सैलावले. त्याआधी, २००५ मध्ये, कॅनडातील सिल्व्ही एबेर यांनी ५२ तरुणांना गोळीबाराचा एक खेळ खेळायला दिला. ज्यांनी तो संगीतासह खेळला, त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक अधिक आढळले. हे प्रयोग वृद्धांवर झालेले नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

तरीही वृद्धांची अडचण दुहेरी असते. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, आणि जे ऐकू येतात ते थोडे मोठे झाले तरी असह्य वाटतात. मोबाइलचा किरटा आवाज नेमका इथेच बोचतो. शिवाय खेळणाऱ्याचा ताण डाव जिंकला की सुटतो. शेजारच्या बाजेवर पडलेल्या आजोबांच्या वाट्याला केवळ ताणच येतो.

स्मृतिभ्रंश असलेले एक आजोबा दिवेलागणीला उठून दाराशी जात, हात झटकत, ओरडत. झोपेच्या गोळीचा डोस वाढवावा, असा मुलाचा आग्रह होता. त्या वेळी घरात काय चालू असते, असे विचारता सून म्हणाली, "ह्याच खोलीत नातू गेम खेळतो." गोळी तशीच ठेवली, नातवाची जागा बदलली. आठवडाभरात ओरडणे बरेच कमी झाले. दाराशी जाणे मात्र पुरते थांबले नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

नातवाला रागावण्याची गरज नाही. त्याच्या खेळातली संथ धून कोणती, हे त्यालाच विचारावे. मुले हौसेने ऐकवतात. हेडफोन दिल्यास आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल, तर प्रौढांसाठी ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. घरी रक्तदाब मोजायचा तर आधी पाच मिनिटे खोली शांत असू द्यावी.

परंतु वृद्ध माणसाची बेचैनी एकाएकी सुरू झाली असेल, तर मोबाइलला दोष देऊन थांबू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगावर काढलेला ताप किंवा नव्याने सुरू केलेले औषध यांपैकी काही आहे का, हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.