खडक फोडण्याचा परवाना

चिकणमातीचे थर युगानुयुगे दबून शेल नावाचा खडक तयार होतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत वायू असतो, पण छिद्रे एकमेकांना नीट जोडलेली नसल्याने तो वाहत नाही. म्हणून दोन-तीन किलोमीटर खोल विहीर खणून ती खडकात आडवी वळवतात आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व थोडी रसायने आत सोडतात. खडकाला बारीक भेगा पडतात, वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत आणि वायूला वाट मिळते. हेच ‘फ्रॅकिंग’. विहिरीचे पोलादी नळ आणि त्याभोवतीचे सिमेंट कच्चे राहिले, तर वायू भूजलात शिरू शकतो. शिवाय वायूबरोबर वर येणारे खारट, दूषित पाणी कुठे तरी जिरवावे लागते.

यावर नियंत्रण कोणाचे, हे बरेचसे जमिनीखालच्या मालकीवर ठरते. अमेरिकेत खाजगी जमिनीखालचे तेल मुळात जमीनमालकाचेच. त्यामुळे शेतकरी स्वतःच कंपनीशी करार करून मोबदला घेतो. नियमांचा मोठा भार राज्यांवर आहे. टेक्सासमध्ये हे काम रेलरोड कमिशनकडे असते. 1891 मध्ये रेल्वेसाठी स्थापन झालेल्या या मंडळाकडे आज रेल्वेचे काही उरलेले नाही, नाव मात्र तेच! केंद्राने तर 2005 च्या ऊर्जा कायद्यात फ्रॅकिंगला पेयजल सुरक्षा कायद्याच्या भूगर्भात द्रव सोडण्यासंबंधीच्या तरतुदींतून वगळले. डिझेल वापरले तरच त्या लागू होतात. धंद्याला ही फार मोठी सवलत होती.

अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा राज्यात धोका निराळ्याच बाजूने, भूकंपांच्या रूपाने आला. तिथले बहुतेक भूकंप फ्रॅकिंगचे नव्हते; तेल-वायूबरोबर निघालेले खारे पाणी खोल विहिरींत परत सोडल्याने जुन्या प्रस्तरभंगांवरचा दाब बदलत होता. 3 सप्टेंबर 2016 रोजी पॉनी गावाजवळ 5.8 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा राज्याने परिसरातल्या अशा विहिरी बंद करायला लावल्या.

ब्रिटनमध्ये भूगर्भातले तेल आणि वायू 1934 पासून राजसत्तेच्या मालकीचे आहेत. कंपनीला सरकारी परवाना, स्थानिक कौन्सिलची बांधकाम-परवानगी, पर्यावरण खात्याची मंजुरी, एवढे सगळे लागते. 2011 मध्ये ब्लॅकपूलजवळ फ्रॅकिंग चालू असताना 2.3 तीव्रतेचा धक्का बसला आणि काम थांबले. पुढच्या वर्षी सरकारने ते पुन्हा सुरू करू दिले, पण रस्त्यावरच्या सिग्नलसारखी अट घालून: शून्याखाली हिरवा, शून्य ते 0.5 पिवळा, 0.5 किंवा वर लाल. लाल दिवा लागला की पाणी सोडणे किमान अठरा तास बंद. 0.5 चा धक्का माणसाला जाणवतही नाही. कंपन्यांनी ही मर्यादा अतिकडक म्हणून तक्रार केली. पण लहान धक्क्यावर थांबण्याला अर्थ आहे, कारण पाणी थांबवल्यावरही हादरे वाढू शकतात.

याच भागातल्या लँकेशायर परगण्याच्या कौन्सिलने 2015 मध्ये नव्या विहिरींना नकार दिला. केंद्रीय मंत्र्यांनी पुढच्याच वर्षी तो फिरवला. 2018 च्या ऑक्टोबरात काम सुरू झाले. 26 ऑगस्ट 2019 रोजी 2.9 तीव्रतेचा धक्का बसला. ऊर्जेच्या हिशेबात तो लाल मर्यादेच्या सुमारे चार हजार पट होता. धक्का किती मोठा होईल याचा आधी अंदाज बांधता येत नाही, हे तज्ज्ञांच्या अहवालातून पुढे आले आणि नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये स्थगिती लागली. सप्टेंबर 2022 मध्ये लिझ ट्रस सरकारने ती उठवली, ऑक्टोबरमध्ये ऋषी सुनक सरकारने परत आणली. महिनाभरात खडक बदलला नव्हता, पंतप्रधान बदलले होते. फ्रान्सने मात्र 2011 मध्येच थेट बंदी घालून हा प्रश्न मिटवला.

भारतात जमीन कोणाचीही असो, तिच्याखालचे तेल काढण्यासाठी सरकारी परवानाच लागतो. 1948 चा तेलक्षेत्र कायदा हा त्याचा पाया. तांत्रिक देखरेख 1993 मध्ये स्थापन झालेले हायड्रोकार्बन महासंचालनालय करते. शेल वायूसाठी 2013 मध्ये धोरण आले, तेही आधी फक्त सरकारी कंपन्यांपुरते. 2025 च्या दुरुस्तीने ‘खनिज तेल’ या व्याख्येत शेल वायूचा स्पष्ट उल्लेख आला आणि शिक्षाही बदलली. पूर्वी नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. आता कैद नाही, दंड 25 लाखांपर्यंत आहे.