ओढा जमिनीखाली जातो तेव्हा

आपल्या गावचा ओढा तुम्ही रोज ओलांडता. पावसाळ्यात तो दोन्ही काठ भरून वाहतो. उन्हाळ्यात नुसती डबकी उरतात. पण त्या डबक्यांतही बेडूक असतात, बारीक मासे असतात. कडेच्या बिळात खेकडे असतात. खंड्या फांदीवर टपून बसतो. काठची माती पाणी पिते. तेच पाणी मुरून जवळच्या विहिरीला येते.

शहरात लोकांना हाच ओढा अडचण वाटतो. मग त्यात सिमेंटच्या मोठाल्या नळ्या घालतात. वर माती लोटतात, रस्ता करतात. झालं! ओढा दिसेनासा होतो. पण पाऊस काही थांबत नाही आणि जमिनीचा उतारही बदलत नाही.

उघड्या ओढ्याला पाणी वाढले की तो पसरतो. नळीला पसरता येत नाही. त्यात शहरात जिकडेतिकडे डांबर नि सिमेंट. पाणी मुरायचे कुठे? सगळे पाणी एकदम धावत येते. नळीच्या तोंडाशी कचरा अडकतो. मग पाणी रस्त्यावरून आणि घरांतून वाट काढते.

पुण्याचा आंबील ओढा कात्रजकडून येतो आणि मुठा नदीला मिळतो. तो सगळा झाकलेला नाही. पण घरे नि भिंती दोन्ही बाजूंनी त्याच्या अंगावर आल्या आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला फार मोठा पाऊस झाला. ओढ्याचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. भिंती पडल्या, माणसे वाहून गेली. त्या पुरात पुणे आणि आसपासची वीसहून अधिक माणसे दगावली.

आणि ओढ्यातल्या जिवांचे काय? नळीत अंधार. ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही. शेवाळ नाही, म्हणून किडे नाहीत. किडे नाहीत, तर मासे काय खातील? मासेच नाहीत, तर खंड्या कशाला येईल?

झाकलेला ओढा पुन्हा उघडता येतो का? येतो. दक्षिण कोरिया देशात सोल नावाचे मोठे शहर आहे. तिथला चोंग्येचोन ओढा १९५८ सालापासून झाकत नेला होता. पुढे त्याच्यावर उंच पुलाचा रस्ताही झाला. २००३ साली शहराने तो रस्ता पाडायला घेतला. २००५ साली सुमारे सहा किलोमीटर ओढा उघडा झाला. काम सुरू होताना माशांच्या ४ जाती मोजल्या होत्या. २००८ पर्यंत त्या २५ झाल्या. पाखरेही आली.

पण ओढ्याला स्वतःचे पुरेसे पाणी उरले नव्हते. हान नदीचे पाणी पंपाने उपसून वरच्या अंगाला सोडावे लागते, तेव्हा कुठे तो बारमाही वाहतो.